जेवायची राहिली

१

माझं दुपारचं जेवण बाराला असतं. बारा म्हणजे बारा. गिरणीचा भोंगा झाला की मी पाटावर बसतो. गेल्या आठ वर्षांत यात फरक पडलेला नाही. अंगात ताप असला तर नुसती पेज पितो, पण पितो बारालाच. शेजारच्या शोभाताई म्हणतात, गुरुजींच्या ताटाचा आवाज ऐकून घड्याळ लावावं. म्हणोत बापड्या. म्हाताऱ्याची थट्टा करायला पैसे पडत नाहीत.

मी निवृत्त मास्तर. पस्तीस वर्षं पोरांना मराठीचं व्याकरण शिकवलं. जन्म नरखेड तालुक्यातला, वाढलो संत्र्याच्या बागेला पाणी देत. पण नागपूरला नॉर्मल स्कुलात मास्तरकी शिकायला आलो आणि गावची बोली जिभेवरून पार घासून काढली. इतकी, की माझे वडील लोकांना सांगायचे, "पोरगं पुण्याले दत्तक गेलं."

आता त्रेसष्ट पूर्ण झाली. जुनी शुक्रवारीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. पुढे बसायची खोली, तिच्यात माझी खाट. मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे मोरी. पहाटे पाचला उठतो. चहा, आंघोळ, तलावाला एक चक्कर, येताना भाजी. दहाला स्टोव्ह पेटवतो. वरण, भात, एक भाजी, दोन पोळ्या. एकट्याचा स्वयंपाक ही मोठी अवघड विद्या आहे. एका माणसापुरती भाजी होतच नाही, भोपळ्याची फोड कितीही लहान घ्या, ती दोघांची होते. उरलेलं रात्री खायचं आणि रात्री ते सकाळपेक्षा जास्त वाटतं. पहिली दोन वर्षं माझी पोळी कुठल्या ना कुठल्या देशाचा नकाशा असायची. आता ती गोल होते. पण गोल झाली हे दाखवायला घरात कोणी नाही, आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं.

जेवायला बसण्याआधी पुढच्या दाराला आतून कडी घालायची, हाही माझा नियम. एकदा मी पाटावर असताना शेजारची बकरी सरळ स्वयंपाकघरात येऊन मेथीची जुडी घेऊन गेली होती. तेव्हापासून आधी कडी, मग पाट.

यंदाच्या एप्रिलात, एका मंगळवारी, जेवून हात धुतले आणि पुढच्या खोलीत आलो तर कडी निघालेली होती. उजवी फळी हातभर उघडी होती आणि उन्हाचा एक पट्टा खाटेपर्यंत आला होता.

मी कडी घातली आणि आडवा झालो.

२

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

मी काही लगेच घाबरणारा माणूस नाही. नागपूरच्या उन्हात लाकूड आकसतं, चौकट सैल होते, कडी आपल्या वजनानं घसरते. हे मी स्वतःला समजावलं आणि ते मला पटलंही. फक्त एक गोष्ट अडत होती. कडी रात्रभर घसरत नव्हती, सकाळीही नाही. ती घसरायची मी जेवायला बसल्यानंतर.

मग मी पाट सरकवला आणि दाराकडे तोंड करून जेवलो. स्वयंपाकघरातून पुढचं दार सरळ दिसतं. घास घेत होतो आणि कडीकडे पाहत होतो. कडी हलली नाही. मनात म्हटलं, बघा, हाताच्या काकणाला आरसा कशाला! तेवढ्यात वरण वाढून घ्यायला मागे वळलो. वळून पुन्हा पाहिलं तर उन्हाचा पट्टा खाटेपर्यंत आलेला होता.

पाचव्या दिवशी कडी सुतळीनं बांधली. तीन गाठी मारल्या, त्याही ओल्या करून. जेवण झाल्यावर पाहिलं. फळी उघडी होती. सुतळी खाली पडलेली नव्हती, तुटलेलीही नव्हती. तिची चार बोटांवर गुंडाळलेली नीट लडी होती आणि ती चौकटीच्या खिळ्याला अडकवलेली होती.

वाण्याच्या पुड्याची सुतळी चार बोटांवर गुंडाळून त्या खिळ्याला अडकवणारं माणूस या घरात एकच होतं.

मी ती लडी काढली नाही. खाटेवर बसून राहिलो आणि मला रडू आलं. भीती नंतर वाटली.

३

मनकर्णा माझी बायको. माहेर मिरच्यांच्या भिवापूरचं, त्यामुळे तिच्या हातची फोडणी पडली की शेजारपाजार शिंकायचा. बोलणंही तसंच, माहेरचं. ती कधी 'करते आहे' म्हणाली नाही, 'करून राहिली' म्हणायची. मी तिला हजारदा तरी सांगितलं असेल, "अगं, राहिली म्हणजे मागे उरली. अर्थ बदलतो. 'करते आहे' म्हण."

त्यावर ती म्हणायची, "मी सैपाक करून राहिली, तुम्ही चुका काढून राहिले. दोघंही कामात आहो."

तिला साखरेची बिमारी होती. रुपराव कंपाउंडर रोज साडेअकराला घरी येऊन सुई द्यायचा. सुई दिली की अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मनकर्णा माझ्याआधी जेवत नसे. सासूनं सांगितलं म्हणून नव्हे, भीती म्हणून नव्हे. तिला तसं गोडच लागत नसे. म्हणून, माझी शाळाही सकाळची असल्यानं, आमचं जेवण बाराला ठरलं.

१९७३ चा मे, तिसरा रविवार. शाळेला सुटी. मी सकाळीच म्हटलं होतं, आज गोळाभात कर. रुपराव सुई देऊन गेला. पावणेबाराला मला आठवलं की अनंताचं एक पुस्तक परत करायचं राहिलंय. अनंत माझ्याच शाळेत संस्कृत शिकवायचा, राहायला सक्करदऱ्याला. मी सायकल काढली. मनकर्णा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आता कुठी चालले? भात होऊनच राहिला."

मी म्हणालो, "आलोच."

हा शब्द मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवायचो. रूप भूतकाळाचं, अर्थ भविष्याचा. जो अजून गेलासुद्धा नाही तो म्हणतो 'आलो', आणि ऐकणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो. आपली भाषा किती विश्वासाची आहे बघा, असं मी म्हणायचो आणि पोरं हसायची.

अनंताकडे वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या. माठाचं पाणी प्यालो. नव्या नियमांप्रमाणे 'नांव'वरचा अनुस्वार गेला याचं त्याला भारी दुःख. तो म्हणाला टिंब हवं, मी म्हणालो नको. कोशांच्या थप्प्या निघाल्या. एक वाजला, दोन वाजले. अनंताची बायको म्हणाली, ऊन उतरू द्या थोडं. मी थांबलो. एका टिंबासाठी मी तिथं तीन तास बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर घरची आठवण झाली नाही असंही नाही. वाटलं, जेवली असेल.

तीन वाजता घरी आलो. दार उघडंच होतं, हातभर. ती दाराच्या आत पडली होती, तोंड गल्लीकडे. तांब्या घरंगळत मोरीपर्यंत गेला होता. स्वयंपाकघरात दोन ताटं वाढलेली आणि दोन्ही झाकलेली.

दीड वाजता शोभाताईंनी तिला म्हटलं होतं, जेवून घ्या जी, सुई टोचलेली आहे. तर ही म्हणाली, "आलोच म्हणून गेले ना. येऊनच राहिले असतील."

लोक जमले. शोभाताई तेव्हा लहान होत्या, नुकतं लग्न होऊन आलेल्या. त्या मोठ्यानं रडत होत्या आणि एकच वाक्य म्हणत होत्या, "बाई जेवायची राहिली जी, गुरुजी. बाई जेवायची राहिली."

त्या वाक्यात काढायला एकही चूक नव्हती.

४

सुतळीच्या लडीनंतर मी दुपारचं झोपणं सोडलं. डोळे मिटून खाटेवर पडायचो आणि ऐकायचो.

जेवून पुन्हा कडी घालून पडलो की साडेबाराच्या सुमारास स्वयंपाकघरात ताटावरचं ताट उचलल्याचा आवाज व्हायचा. मग ते परत ठेवल्याचा. भात गार झाला का, हे पाहण्याची तिची ती रीत. मग पावलं. तिचा डावा गुडघा दुखायचा, म्हणून एक पाऊल पडायचं आणि दुसरं घासत यायचं. फरशीवर जोडव्यांचा बारीक आवाज. पावलं माझ्या खाटेजवळून जायची. कडी निघायची. मग शांतता. गल्लीत कुठे तरी एखादा कूलर पाणी गाळत असायचा, तेवढंच ऐकू यायचं. थोड्या वेळानं पावलं परत फिरायची.

मी म्हातारा झालोय, कानात वारा शिरतो, एकटा राहणारा माणूस स्वतःला सोबत तयार करतो. हे सगळं मी मनात मांडून पाहिलं. शाळेत पोरांच्या निबंधात मी अशा गोष्टींवर लाल रेघ ओढलेली आहे. पण पावलं येतच होती.

एक दिवस पावलं खाटेशी आली तेव्हा मी डोळे न उघडता म्हणालो, "मनकर्णा, मी आलो आहे. मी इथेच आहे."

पावलं थांबली नाहीत.

मी उठून बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अगं, हा बघ मी. जेवून घे." पुढे कडी निघाली. फळी उघडली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. फक्त दारातलं ऊन मध्येच थोडं अडल्यासारखं दिसलं, तिथं कोणी उभं राहिलं तर अडेल तेवढंच.

ती माझ्याकडे पाठ करून माझीच वाट पाहत होती.

मग पावणेतीनपासून पावलं हळू व्हायची. दोन पावलं, मग थांबणं. भिंतीवर हात घासल्याचा आवाज. तीनला पाच मिनिटं कमी असताना तांब्या पडायचा, घरंगळायचा आणि दारापाशी काही तरी मऊ, जड खाली यायचं.

पहिल्या दिवशी मी धावलो. दाराशी काही नव्हतं. मांडणीवर ठेवलेला तांब्या मात्र मोरीपाशी आडवा होता. दुसऱ्या दिवशी मी दाराशी आधीच हात पसरून बसलो. आवाज माझ्या हातांमधून खाली गेला.

हे रोज चाललं होतं. ती रोज सुई घेऊन उपाशी राहत होती आणि रोज तीनच्या आत पडत होती. आणि मी तिच्यापासून आठ हातांवर बसून, बाराच्या ठोक्याला, पोटभर जेवत होतो. वेळ पाळण्याला मी आठ वर्षं प्रायश्चित्त समजत होतो. मढ्याला औषध पाजण्यातला प्रकार.

५

तिचं ताट मांडून पाहिलं. तिला आवडायच्या मुगवड्या केल्या. ताट जसं वाढलं तसं संध्याकाळी गाईला घातलं. मी आधी जेवलो, ताटात हात धुतले, मोठ्यानं सांगितलं, "माझं झालं." काही उपयोग नाही. तिच्या लेखी मी घरात नव्हतोच.

शोभाताई एकदा ओट्यावर मिरच्या वाळत घालताना म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही रोज दुपारी फळी उघडून कोणाची वाट पाहून राहिले जी? सुमतीताई येनार आहे का?"

"मी कुठे उघडतो? मी खाटेवर असतो."

"मग हात कोणाचा? मले फळीवर हात दिसते ना रोज. असा कडेले धरून..." बोलता बोलता त्यांनी माझ्या बांगड्या नसलेल्या मनगटांकडे पाहिलं आणि थांबल्या.  मग सूप उचलून आत गेल्या. त्या दुपारपासून त्यांच्याकडचं दारही बारा ते तीन बंद राहू लागलं.

त्याच आठवड्यात सुमतीचं पत्र आलं. सुमती आमची एकुलती एक लेक, भिलाईला असते. तिनं आधीच घरमालकाला कळवून टाकलं होतं. "एक जूनपासून खोल्या सोडायच्या आहेत. मी रविवारी येते, दुपारी एकपर्यंत घरी पोचेन. बाबा, आता हट्ट करू नका. तुमचं एकट्याचं खाणंपिणं आठवून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

रविवार म्हणजे मे महिन्यातला तिसरा.

मी पत्र चारदा वाचलं. खोल्या सोडायच्या. इथं दुसरं बिऱ्हाड येईल, ते आपल्या खाटा टाकतील, दाराला नवीन कडी लावतील. त्यांना पावलं ऐकू येतील किंवा येणार नाहीत. पण ती दारात येत राहील, आणि रोज पडत राहील, आणि हात पसरून बसायलासुद्धा कोणी नसेल.

भिलाईला मी जाणारच होतो, अंगात जोर उरला नव्हता. पण तिला उपाशी ठेवून दुसऱ्यांदा घराबाहेर पडणं माझ्यानं होणार नव्हतं.

६

शनिवारी दुपारी तांब्या पडला तेव्हा मी पाटावर बसलो होतो आणि मला माझी चूक कळली. मास्तरची चूक होती, साधी व्याकरणाची.

मी तिला सांगत होतो, "मी आलो आहे." पण ती वाट पाहत होती ती 'आलोच' म्हणून गेलेल्या माणसाची. तो पंचावन्न वर्षांचा, काळ्या केसांचा, सायकलवर गेलेला. मी कितीही ओरडलो तरी तो परत येणार नव्हता, कारण तो त्या दिवशी वेळेवर आलाच नाही. झालेलं मला बदलता येणार नव्हतं. पण त्याचं वाक्य चुकीचं होतं. त्यानं दारात उभं राहून जे बोलायला हवं होतं ते वेगळं होतं, आणि ते अजून कोणीच बोललेलं नव्हतं.

पोरांच्या वह्यांतली लाखो वाक्यं मी दुरुस्त केली. हे एक आठ वर्षं तसंच पडून होतं.

आणि मग दुसरा विचार आला. तो आला तेव्हा मी दिवा न लावता बराच वेळ बसलो. ती जेवली तर उद्या ती दारात कशाला येईल? ही पावलं, कडी, ताट उचलून भात पाहणं, एवढंच तिचं माझ्यापाशी उरलं होतं. ते मला भीती घालत होतं, रडवत होतं, पण एप्रिलपासून या घरात मी एकटा नव्हतो. ती जेवली म्हणजे ते संपलं. पुढे सुमतीच्या घरचं गरम जेवण आणि बाकी काही नाही.

माझा लोभ मला कळला. त्याची लाजही वाटली. सकाळी उठून मी डाळीचं पीठ भिजवलं.

७

गोळाभात आठ वर्षांत केला नव्हता. गोळे फुटले दोन-तीन, पण जमला. भिवापुरी मिरचीची फोडणी टाकली आणि भिंतीपलीकडे शोभाताई शिंकल्या. दोन ताटं घेतली. भात, कढी, कांदा, फोडणीच्या तेलाची वाटी. दोन्ही ताटं झाकली. समोरासमोर दोन पाट मांडले. तांब्या भरून ठेवला.

पावणेबाराला सायकल काढली. चाकात हवा कमी होती. दारात उभा राहिलो, उन्हाकडे पाठ आणि घराकडे तोंड. स्वयंपाकघरापर्यंत सगळं दिसत होतं. काही हलत नव्हतं. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, शुद्ध भाषेत, नीट कर्ता-कर्म-क्रियापद लावून. पण तोंड उघडलं आणि ते सगळं घशातच राहिलं. जे बाहेर आलं ते माझ्या आईच्या बोलीत आलं.

"मनकर्णा, मी अनंताकडं चाललो वं. मले आज उशीर होईन. तू वाट पाहू नको. सुई झाली तुही, बाराले जेवून घे. माह्या गळ्याची आन हाये तुले. तू जेवली तरच मले गोड लागन."

 मी दार ओढलं, कोयंड्याला कुलूप घातलं आणि निघालो.

तलावाला चक्कर मारली. बाराचा भोंगा मी एका कडुनिंबाखाली ऐकला. आठ वर्षांत पहिल्यांदा तो भोंगा झाला आणि माझ्यापुढे ताट नव्हतं. पोटात आग पडली होती. हातपाय थरथरत होते, घाम येत होता. तिला असंच होत असेल, असं वाटलं आणि मी सायकलला धरून खाली बसलो.

तीनपर्यंत बाहेर राहायचं ठरवलं होतं. मला राहवलं नाही. पाऊण वाजता परत आलो. गल्लीत शुकशुकाट. कुलूप होतं तसं होतं. मी ते काढलं आणि दार ढकललं.

दार आतून लागलेलं होतं.

पुन्हा ढकललं. कडी वाजली. आपोआप निघणारी कडी आता आपोआप लागतेही, असं मानणं मला भाग होतं, आणि ते मी मानायला तयारही झालो. पण एक गोष्ट मनात लख्ख झाली. दीड महिना ती रोज कडी काढत होती. कोणाची तरी वाट पाहणारा माणूस कडी लावत नाही.

मी बोळातून मागे गेलो. मोरीलगतच्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी आहे, जाळी लावलेली. डोळ्यांत ऊन भरलेलं होतं, आत आधी काळोखच दिसला. मग पितळी ताटाची कड दिसली. माझं ताट झाकलेलं होतं. समोरचं उघडं होतं. भातातून वाफ येत होती, दहाला केलेल्या भातातून. आणि त्या वाफेत एक हात होता. कोपरापासून पुढचाच, हिरव्या बांगड्यांचा. तो गोळा फोडून भातात मिसळत होता, तेल घेत होता, घाई न करता. मग त्यानं घास केला आणि उचलला, आणि जाळीच्या वर जिथं काळोख होता तिथं नेला.

मी पाहणं थांबवलं. जेवणाऱ्या माणसाकडे पाहत राहू नये.

पुढे येऊन दार वाजवायला हात उचलला. एकदा तिच्यासमोर बसावं, एवढंच मनात होतं. हात तसाच वर राहिला. जन्मभर मी दार वाजवलं की ती ताटावरून उठायची. उजवा हात खरकटा, डाव्या हातानं कडी काढायची, आणि माझं होईपर्यंत तिच्या ताटातलं गार व्हायचं. मी वाजवलं असतं तर ती आताही उठली असती.

हात खाली घेतला. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या काढून हातात धरल्या आणि पायरीवर बसलो. खोकला आला तो गिळला.

एक वाजून गेल्यावर रिक्षा आली. सुमती उतरली, हातात पिशवी, तोंड उन्हानं लाल. मला उघड्या पायरीवर बसलेलं पाहून ती धावतच आली. माझ्यासमोर ती नेहमी जपून 'का' म्हणते. घाबरली की मात्र आईची होते.

"बाबा, उन्हात काहून बसले? काय झालं? आत काहून नाही गेले?"

"हळू बोल वं," मी म्हणालो. "आई जेवून राहिली."

 मला वेड लागलं, असं आधी सुमतीला वाटलं असणार. मग मी काय म्हणालो त्यापेक्षा कसं म्हणालो, हे तिच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा बदलला. ती काही बोलणार तोच आत तांब्या उचलल्याचा आवाज झाला. ताटात पाणी पडलं, जेवण झाल्यावर हात धुताना पडतं तसं, आणि बांगड्या वाजल्या.

सुमतीनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसली.  

तीनचा भोंगा झाला तेव्हाही आम्ही पायरीवरच होतो. आत काही पडलं नाही. त्यानंतर त्या घरात मला कधीच काही ऐकू आलं नाही.